ताटातला जमाखर्च : स्वस्त मासळी आणि रोजच्या अन्नातील काही अनपेक्षित आकडे

वार्षिक अहवालात ताळेबंद, देणगीदारांची नामावली आणि विभागवार वृत्तान्त यांच्या जोडीने आरोग्यविषयक एखादा अभ्यासपर लेख द्यावयाचा, असा आपल्या रुग्णालयाचा परिपाठ आहे. एरवी हा लेख वैद्यकीय विभागाकडून येतो. यंदा ते काम प्रशासनाकडे आले. आम्ही वैद्यक नव्हे. आमचे आयुष्य खातेवह्या, पावत्या आणि निविदा यांत गेले. परंतु जमाखर्चाची सवय एकदा अंगी मुरली की ती ताटालाही लावाविशी वाटते, आणि तशी ती लावली असता काही आकडे आपल्या ठाम समजुतींच्या नेमके उलट निघतात. या लेखाचा विषय तोच आहे.

आपले रुग्णालय कोकण किनाऱ्यावरचे. येथे येणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांच्या ताटात भात आणि मासळी असते. आपल्या सन्माननीय दात्यांपैकी अनेक जण शाकाहारी आहेत याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. रुग्णालयाच्या पाकगृहात शाकाहारी अन्नच शिजते व त्यात बदल करण्याचा कोणताही विचार नाही. जी कुटुंबे घरी मासे खातातच, त्यांनी ते कोणते घ्यावेत व कसे शिजवावेत, एवढाच या लेखातील मासळीविषयक भागाचा हेतू आहे. शाकाहारी वाचकांसाठीही पुढे बरेच काही आहे.

पथ्याच्या नावाने होणारी उपासमार

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना विचारीत नाहीत, पण वॉर्डातल्या मावशींना हमखास विचारतात, तो प्रश्न असा : ‘‘मासे, अंडी, डाळ दिली तर टाके पिकतील का हो?’’ घरातील वडीलधाऱ्यांनी आधीच नकार दिलेला असतो. मग रुग्णाला पेज, शहाळ्याचे पाणी, ग्लुकोजची बिस्किटे आणि डाळीचे वरचे पाणी यांवर आठ-दहा दिवस ठेवले जाते. हेतू मायेचा असतो, याविषयी शंका नाही. हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे.

साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. जखम भरून येत असताना ही गरज आणखी वाढते, कारण नवी त्वचा आणि नवे स्नायू प्रथिनांतूनच घडतात. आता वरील ताट मोजून पाहू. तीन वाट्या पेजेत चार-साडेचार ग्रॅम, आठ बिस्किटांत तीन ग्रॅमच्या आसपास, शहाळ्यात सुमारे एक ग्रॅम आणि डाळीच्या निवळ पाण्यात फार तर तेवढेच. बेरीज जेमतेम १० ग्रॅम! गरजेच्या एकपंचमांश. एखाद्या संस्थेने खर्चाच्या एकपंचमांश उत्पन्नावर कारभार चालविला तर काय होईल, हे आपल्या विश्वस्तांना सांगावयास नको. शरीर मग स्वतःच्या ठेवी मोडू लागते, म्हणजे स्नायू झिजू लागतात, आणि जखम रेंगाळते.

टाके पिकतात ते जंतुसंसर्गामुळे. मधुमेह आटोक्यात नसणे, अस्वच्छता, धूम्रपान आणि कुपोषण यांमुळे तो धोका वाढतो. मासा, अंडे, डाळ यांनी टाके पिकत नाहीत. उलट ही अन्ने तोडल्याने जखम भरण्यास विलंब होतो. डॉक्टरांनी एखाद्या विशिष्ट कारणासाठी मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी, ती मनाई तंतोतंत पाळावी. परंतु शेजारणीने सांगितलेले पथ्य आणि डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य यांत फरक करावयास हवा.

बाळंतिणीच्या बाबतीतही हेच घडते. आणि याच कुटुंबांतून, बहुधा मन खात असते म्हणून, हजारबाराशे रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा उधारीने आणला जातो! घरात शेंगदाणे आहेत, दारावर तारल्या येतात, आणि डबा मात्र औषधांच्या दुकानातून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी घेऊ नयेत असेच सुचविले आहे. काही रुग्णांना डॉक्टर असा पूरक आहार मुद्दाम लिहून देतात, त्याविषयी आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे न विचारता आणलेल्या डब्याविषयी आहे.

मोठी किंमत म्हणजे मोठे पोषण नव्हे

मासळीबाजारात पापलेट आणि सुरमई यांचा दिमाख वेगळाच. सप्टेंबर २०२३ मध्ये तर चंदेरी पापलेटाला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच्या चवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक माशाच्या १०० ग्रॅम मांसात साधारणपणे १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, मग तो मासा पापलेट असो वा बांगडा. त्या बाबतीत जादा पैसे मोजून जादा काही पदरी पडत नाही.

खरा फरक आहे तो माशाच्या चरबीत, आणि तेथे बाजी मारतात तारली आणि बांगडा. ओमेगा-३ या नावाने ओळखली जाणारी मेदाम्ले हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू आणि डोळे यांना उपयुक्त असतात. गर्भातील व तान्ह्या बाळाच्या मेंदूच्या वाढीत त्यांना विशेष महत्त्व आहे. ही मेदाम्ले मासा स्वतः फारशी तयार करीत नाही; समुद्रातील सूक्ष्म शेवाळापासून ती सुरू होतात आणि ते शेवाळ व त्यावर जगणारे जीव खाणाऱ्या तारलीच्या अंगी साठतात. पावसाळा सरल्यावर काही महिने तारली विशेष तेलकट असते, हे कोळी भगिनी कोणत्याही तक्त्याशिवाय जाणतात. मलबार आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पूर्वी तारल्यांचे तेल काढून होड्यांच्या फळ्यांना चोपडीत व उरलेला चोथा माडांना खत म्हणून घालीत. ज्या तेलाच्या गोळ्या आज चकचकीत बाटल्यांतून विकत घेतल्या जातात, ते एके काळी होडीच्या लाकडाला मिळत होते.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा उल्लेख करणे योग्य होईल. ‘व्हायटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासात सुमारे २६ हजार माणसांना काही वर्षे माशाच्या तेलाची किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देण्यात आली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या प्रमुख घटनांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गोळी म्हणजे मासा नव्हे, असा आम्ही त्याचा सरळ अर्थ घेतो. माशाबरोबर प्रथिने येतात, ब-१२ जीवनसत्त्व येते, आयोडीन येते, ड जीवनसत्त्व येते. आणि मासा खाल्ला की त्या जेवणात त्याऐवजी दुसरे काहीतरी, बहुधा अधिक अपायकारक, पोटात जात नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोन वेळा मासे, त्यातही तेलकट मासे, खाण्याची शिफारस करते. किनाऱ्यावरच्या कुटुंबाला हा सल्ला देण्यासाठी अमेरिकेची गरज नाही. पण दोनदा पुरे, रोज हवेतच असे नाही, हे त्यातून लक्षात घेण्यासारखे आहे.

मांदेलीसारखी लहान मासळी काट्यांसकट खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यातून कॅल्शियम मिळते. सुरमईचा काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो, म्हणजे तेवढे कॅल्शियम मांजराला जाते. तारल्या कोकम घालून प्रेशर कुकरमध्ये नीट शिजविल्या तर त्यांचेही काटे मऊ होऊन चघळता येतात.

बोंबलाची कथा निराळी. ताज्या बोंबलात सुमारे ९० टक्के पाणीच असते. प्रथिने इतर मासळीच्या निम्म्याच्या आसपास. तो रव्यात घोळून कुरकुरीत तळला की आपण मुख्यतः रवा आणि तेल खात असतो, बोंबील निमित्तमात्र. तोच बोंबील उन्हात वाळला की चित्र पालटते : सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि भरपूर कॅल्शियम. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या दिवसांत सुकट, जवळा आणि सुके बोंबील यांनी गरिबाघरची चूल राखली आहे, ती उगाच नव्हे. फक्त खारविलेल्या मासळीतील मिठाचे भान हवे, त्याविषयी पुढे येतेच.

तेलाचा डबा महिन्याला किती?

येथे आम्ही आमच्या व्यवसायाला शोभेल असे एक गणित मांडतो. चार माणसांच्या कुटुंबात पाच लिटर तेलाचा डबा ३० दिवसांत संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल येते. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ उष्मांक. म्हणजे दरमाणशी दररोज सुमारे ३४५ उष्मांक केवळ तेलातून. साडेतीन पोळ्यांइतके! बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरेसे असते. म्हणजे हा डबा दीड महिना तरी पुरावयास हवा. ज्या घरातील डबा महिन्याच्या पंचवीस तारखेसही तळाशी जातो, तेथे हृदयविकाराचे औषध चालू असेल तर त्या दोन खर्चांचा संबंध जोडून पाहावा.

मासळीच्या बाबतीत बहुतेक अपाय माशाचा नसून कढईचा असतो. भरपूर तेलात तळताना माशाची स्वतःची उत्तम चरबी काही प्रमाणात तेलात उतरते आणि तळणाचे तेल माशात शिरते. चांगला माल देऊन हलका माल घेण्यासारखा हा व्यवहार. तळणाचे तेल पुन्हापुन्हा तापविले तर ते अधिकच बिघडते. उपाहारगृहांनी असे तेल किती बिघडेपर्यंत वापरावे याची मर्यादा शासनाला जुलै २०१८ पासून नियमाने घालून द्यावी लागली. घरात एकदा तळून उरलेले तेल गाळून एकदोन दिवसांत फोडणीपुरते संपवावे, पुन्हा तळणास घेऊ नये.

याचा अर्थ मासे बेचव खावेत असा मुळीच नाही. आपल्या आज्यांनी ज्या पद्धतीने मासे शिजविले त्यांतल्या पुष्कळशा पद्धतींना तेल लागतच नव्हते. हॉटेलातील ‘रवा फ्राय’ घरात शिरला, आणि ‘आज मासे केलेत’ याचा अर्थ ‘आज मासे तळलेत’ असा होऊन बसला. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी हे आपल्या किनाऱ्याचे उत्तम उदाहरण आहे. सहा मध्यम बांगडे साफ करून प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे करावेत व हळद आणि अगदी थोडे मीठ लावून ठेवावेत. भिजविलेल्या आठ-दहा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा कांदा आणि लहान वाटीभर ओले खोबरे एकत्र बारीक वाटावे. वाटण मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पाणी घालून उकळत ठेवावे. त्यात पाच-सहा आमसुले आणि आठ तिरफळे घालावीत. तिरफळाची काळी बी काढून टाकावी व साल किंचित ठेचून घ्यावी, वास सालीतच असतो. उकळी आली की बांगडे सोडावेत आणि आठ-दहा मिनिटांत आच बंद करावी. फोडणी नाही. फार तर शेवटी चमचाभर खोबरेल वरून सोडावे, चार माणसांत ते विभागून जाते. ही आमटी दुसऱ्या वेळच्या जेवणात अधिक चांगली लागते हे खरे, परंतु ती दरम्यान शीतकपाटात ठेवलेली असावी.

दुसरी पद्धत याहून सोपी. हिरवी मिरची, आले, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू यांचे वाटण बांगड्याच्या पोटात भरावे, मासा केळीच्या किंवा हळदीच्या पानात गुंडाळून तापलेल्या तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजावा. पान करपते, मासा करपत नाही. आणि तळलेला तुकडा हवाच असेल, तर रव्याचा जाड थर न देता नुसता मसाला लावून तव्यावर दोन चमचे तेलात परतावा. पाहुण्यांना फरक सहसा कळत नाही. आमच्या घरी तरी कोणी अद्याप तक्रार केलेली नाही.

ओल्या खोबऱ्याविषयी दोन शब्द. नारळात कोलेस्टेरॉल नसते, असे विक्रेते सांगतात ते खरे आहे. कोलेस्टेरॉल कोणत्याच वनस्पतीत नसते. परंतु खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेद हा संपृक्त प्रकारचा असतो व तो रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवू शकतो. कोळंबीचे याच्या उलट. तिच्यात कोलेस्टेरॉल आहे, पण संपृक्त मेद अगदी थोडा, आणि बहुतेकांच्या बाबतीत रक्तातील कोलेस्टेरॉलवर संपृक्त मेदाचा परिणाम अधिक होतो. म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी खाल्लेल्या कोळंबीला जितकी दूषणे दिली जातात, तितकी ती पात्र नाही. कोळंबीच्या कालवणात दोन नारळांचे दूध पिळले जाते, विचार त्याचा व्हावा.

ताजेपणाची बाब : येथे मात्र काटकसर नको

बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांविषयी एक गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असावी. हे मासे बर्फाविना उष्ण हवेत राहिले तर त्यांच्या मांसात जंतूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते एकदा तयार झाले की शिजवून, तळून, उकळून कशानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लालबुंद होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे, अंगावर गांधी उठणे, उलटी किंवा जुलाब अशी लक्षणे दिसतात. लोकांना वाटते, आपल्याला माशाची ॲलर्जी आहे, आणि ते जन्मभर मासे सोडतात. वास्तविक दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. श्वासास त्रास होऊ लागल्यास कारणाची चर्चा घरी न करता थेट तातडीच्या विभागात यावे. दोहोंतला भेद डॉक्टर ठरवतील.

म्हणून मासळी बाजारातून सर्वांत शेवटी घ्यावी. कल्ले लाल, डोळे चकचकीत व भरीव, मांस बोटाने दाबले असता पुन्हा वर येणारे, आणि वास समुद्राचा. ही पारख बहुतेक गृहिणींना आहेच. दुपारी स्वस्त झालेला वाटा घेण्याचा मोह मात्र आवरावा, विशेषतः टोपलीत बर्फ नसेल तर. घरी येताच मासा साफ करून शीतकपाटात जावा. मसाला लावून ओट्यावर दोन-तीन तास ‘मुरत’ ठेवण्याची पद्धत सोडावी, मुरवायचेच तर शीतकपाटात मुरवावे.

गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेगळी सूचना आहे. दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मुशी ही शार्क जातीची. मोठ्या शिकारी माशांच्या शरीरात पारा साठत जातो आणि तो बाळाच्या वाढत्या मेंदूस घातक ठरू शकतो. तारली, बांगडा, मांदेली, कोळंबी यांत ही भीती बरीच कमी, कारण हे जीव लहान व अल्पायुषी. येथेही लहान आणि स्वस्त तेच हितकर!

मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते, ही समजूत अद्याप दृढ आहे. तिला वैद्यकशास्त्रात आधार सापडलेला नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी निगडित विकार आहे. परंपरा म्हणून कोणी हे पथ्य पाळत असेल तर पाळावे, त्यात अपाय काहीच नाही. मात्र कोड असलेल्या मुलीच्या आईला ‘तू काय खाल्लेस’ म्हणून जे बोल लावले जातात, ते थांबावेत.

घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळे गिळावे, असे सर्रास सांगतात. त्याने काटा अधिक खोल रुतण्याचा संभव असतो. कान-नाक-घसा विभागात हे काम सहसा चिमट्याने चटकन होते.

मिठाचे आणि इतर

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. हे सगळे मीठ वरून घेतलेले नसते. पापड, लोणचे, फरसाण, पाव आणि खारा बांगडा यांतून ते न दिसता येते. खारी मासळी कोमट पाण्यात तासभर भिजवावी, पाणी एकदा बदलावे व कालवणात वेगळे मीठ घालू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी ती सणावारापुरतीच ठेवावी.

आता शाकाहाराकडे. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामात २१ ग्रॅमच्या आसपास. रुग्णाला भेटावयास येताना बदाम आणणारे स्नेही आम्ही पाहतो, शेंगदाणे आणणारा अद्याप पाहिला नाही. (बुरशी आलेला, कडवट दाणा मात्र फेकूनच द्यावा, त्यात यकृतास घातक विष असते.) पेरूमध्ये क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट, आवळ्यात त्याहूनही अधिक, बाजारभाव याच्या बरोबर उलट्या क्रमाने लावलेले. वाटीभर घट्ट वरण, पेलाभर दूध, मूठभर दाणे आणि वाटीभर मटकीची उसळ यांतून प्रत्येकी सहा-सात ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर शाकाहारी रुग्णाचा हिशेबही डब्यातील पावडरीविना जुळतो. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आहेच. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग त्याच कुळातील मेदाम्लाचा असतो. शरीर त्याचे माशातल्या प्रकारात रूपांतर मात्र थोडेच करू शकते. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही, तेव्हा शाकाहारी व्यक्तींनी दूध-दही सोडू नये व थकवा, मुंग्या येणे अशा तक्रारी असल्यास रक्त तपासून घ्यावे.

नाचणीत वजनास वजन दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण भाकरीला तीस-चाळीस ग्रॅम पीठ लागते आणि पेल्यात दोनशे ग्रॅम दूध असते, शिवाय नाचणीतील सर्व कॅल्शियम शरीर शोषू शकत नाही. तेव्हा दोन्ही हवीत. पोह्यांतील लोहाची गोष्ट आम्हांस विशेष रंजक वाटली. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या, १९७१ पासून प्रचलित असलेल्या तक्त्यांत पोह्यांच्या १०० ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम लोह दाखविले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या तक्त्यांत तो आकडा पाच मिलिग्रॅमच्याही खाली आला. जुन्या नोंदींतील लोहाचा बराच भाग धान्याचा नसून यंत्रांचा आणि धुळीचा असावा, असे मानले जाते. लेखापरीक्षण अन्नाचेही व्हावे लागते, ते असे.

लोहाच्या बाबतीत किती खाल्ले याहून किती अंगी लागले, हे अधिक महत्त्वाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जेवणावर लगेच घेतलेला चहा पालेभाजी व धान्यांतील लोहाचे शोषण बरेच घटवितो; जेवणावर पिळलेले लिंबू ते वाढविते, मात्र लिंबू आच बंद केल्यावर पिळावे, उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. आणि ताटात थोडा मासा असेल तर त्याच ताटातल्या भाकरी-भाजीतले लोहही अधिक शोषले जाते. नाचणीची भाकरी, तारलीचे तिखले आणि वर लिंबाची फोड : हे जेवण ज्याने प्रथम मांडले त्याने तक्ते पाहिले नव्हते.

अशा रोजच्या अन्नाचे शास्त्रीय मोल पारखण्याचे काम मराठी माणसाला नवे नाही. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी डॉ. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळविल्यावर मायदेशी परतून कडधान्ये, नीरा यांसारख्या सामान्य माणसाच्या अन्नावरच संशोधन केले.

बाजारातील ‘शक्तिवर्धक’ पेयांविषयी एवढेच, की देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढण्यास सांगितले. गुळाविषयीही सावध असावे. तो बहुतांश साखरच आहे, मधुमेही रुग्णाला ‘गूळ चालतो’ ही सवलत कोणी दिलेली नाही.

वरील माहिती सर्वसाधारण प्रकृतीसाठी आहे. संधिवाताचा ‘गाऊट’ हा प्रकार असणाऱ्यांनी तारली, मांदेली, कोळंबी यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना प्रथिने, मीठ, डाळी आणि शहाळ्याचे पाणीसुद्धा मोजूनच द्यावे लागते. त्यांनी या लेखावर न जाता आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये.

घरून डबा आणणाऱ्या नातेवाइकांस विनंती की, डबा आणण्यापूर्वी वॉर्डातील परिचारिकेकडून रुग्णाचा आहारतक्ता पाहून घ्यावा. मासळीचा डबा तळमजल्यावरील नातेवाइकांच्या भोजनकक्षातच उघडावा; अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी स्वतंत्र व्यवस्था परिचारिका करून देतील. वृद्ध रुग्णांसाठी मासा काटे काढून, भातात कुस्करून आणावा. अन्न गरम आणावे, दोन तासांच्या आत संपवावे व उरलेले रुग्णाच्या कपाटात रात्रीसाठी ठेवू नये.